झिप करण्याआधी फाइलींची नावे तपासा

संपादक महोदय,

जुनी कागदपत्रे स्कॅन करून जपणाऱ्या संस्थांचे काम मोलाचे आहे. मात्र हा संग्रह एका ऑपरेटिंग सिस्टीमवरून दुसरीवर हलवताना पुष्कळदा फाइल शाबूत राहते आणि नाव बिघडते. मग सूचीतली नोंद आणि फाइल यांची ताटातूट होते. दुरुस्ती फाइली झिप करण्याआधीच, म्हणजे एका गठ्ठ्यात बांधण्याआधीच, व्हायला हवी.

विंडोजला नावात प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरण, उभी रेघ, कोन-कंस, दोन्ही तिरप्या रेघा आणि कोलन चालत नाही. मराठीत घात करतो तो कोलन. ‘अंतःकरण’ लिहिताना विसर्गाच्या जागी सर्रास कोलन टंकला जातो. लिनक्सवर ते नाव बिनबोभाट चालते. विंडोजवर झिप उलगडताना काही प्रोग्राम तिथे अधोरेघ घालतात, काही फाइल नाकारतात. एनटीएफएस या विंडोजच्या डिस्क-रचनेत तर कोलननंतरचा भाग ‘पर्यायी प्रवाह’, म्हणजे त्याच फाइलीला जोडलेला लपलेला कप्पा, समजला जाऊ शकतो. मग ‘अंत’ नावाची शून्य बाइटची फाइल दिसते आणि मजकूर नजरेआड राहतो.

‘शेतकऱ्यांचे’ यातला ‘ऱ’ असाच फसवा. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, तो एकसंध असतो किंवा ‘र’ अधिक नुक्ता (खालचे टिंब) असा सुटा. मॅकची एचएफएस प्लस ही जुनी डिस्क-रचना नावे सुटी करूनच साठवते. लिनक्स नावाचे बाइट जसेच्या तसे जुळवते, त्यामुळे डोळ्यांना तेच दिसणारे नाव शोधात सापडत नाही. कुणी ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून तोच आकार काढला असेल, तर नावांचे एनएफसी सामान्यीकरण (सुटी चिन्हे एकसंध रूपात आणणे) करूनही हा भेद मिटत नाही. तिथे शोधून-बदलणे हाच उपाय.

लांबीचेही तसेच. लिनक्सच्या ईएक्सटी-४ या डिस्क-रचनेवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘क्षि’ म्हणजे १२ बाइट. म्हणजे पूर्ण नावाला जेमतेम ८५ चिन्हे. विंडोजवर बसलेले लांबलचक शीर्षक इथे अडते. उलट दिशेने, विंडोजमध्ये फोल्डरांसह पूर्ण मार्ग साधारण २६० चिन्हांपलीकडे गेला की अनेक प्रोग्राम अडखळतात.

जुन्या झिप साधनांनी यूटीएफ-८ ची खूण न घालता नावे भरलेली असतात. उलगडल्यावर अगम्य अक्षरे आली, तर योग्य एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) देऊन नाव बहुधा परत मिळते. झिपमध्येच प्रश्नचिन्हे साठलेली असतील, तर मूळ नाव त्यात बहुधा उरलेले नसते. सेव्हन-झेड (7z) या झिपसारख्याच प्रकारात नावे युनिकोडमध्येच साठतात, म्हणून तो बरा.

आमच्या मते फाइलीला फक्त लहान इंग्रजी अक्षरे, अंक आणि जोडरेघ यांचे छोटे नाव द्यावे. नावांत फक्त मोठ्या-लहान अक्षरांचा फरक असला, तर लिनक्सवरच्या दोन फाइली विंडोजवर एकमेकींवर लिहिल्या जाऊ शकतात. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागाही नको. मराठी शीर्षक यूटीएफ-८ सीएसव्ही सूचीत (साध्या मजकुराच्या तक्त्यात) ठेवावे, शेजारी जुने नाव आणि एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण. नवीन यंत्रावर उलगडून फाइलींची संख्या आणि प्रत्येक बेरीज जुळल्याशिवाय मूळ डिस्क पुसू नये.

आपले,
अभिलेख-जतनाचे काम करणारे वाचक