मकचिक, तुम्ही माझ्या आईचा उपवास सांभाळलात

प्रिय मकचिक,

तुम्हाला मराठी येत नाही आणि मला मलय येत नाही, तरी हे पत्र मी मराठीतच लिहितेय कारण मनातलं सगळं मला याच भाषेत नीट सांगता येतं. तुमच्या भाचीला इंग्रजीत करून पाठवणार आहे, ती तुम्हाला वाचून दाखवेल. इथे तुमचं नाव लिहीत नाही आणि फोटोही टाकत नाही, कारण त्या दिवशी मी मोबाईल वर केला तसं तुम्ही हसत हसत हात हलवून नको नको म्हणालात. नुसतं मकचिक म्हणते, म्हणजे आमच्याकडची मावशी.

आमच्या लोकांसाठी आधी काय झालं ते सांगते. दिवाळीनंतर मी आईला घेऊन क्वालालंपूरला गेले होते. आई सत्तरीची, सांगलीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेली, विमानात पहिल्यांदाच बसली. भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून तिथे तीस दिवस व्हिसा लागत नाही म्हणून ठरवलं, नाहीतर आमचं काही जमलं नसतं. राहायला ब्रिकफील्ड्समध्ये होतो, तिथला लिटल इंडिया भाग, सकाळी खिडकी उघडली की फुलांच्या माळांचा वास यायचा, दिवाळीचे आकाशदिवेही अजून उतरवले नव्हते, त्यामुळे आईला परदेशात आल्यासारखं वाटतच नव्हतं.

तो दिवस कार्तिकी एकादशीचा. सकाळी १८७३ साली स्थापन झालेलं महामारिअम्मन मंदिर बघितलं, त्याच रस्त्यावर हाकेच्या अंतरावर चिनी लोकांच्या ग्वान दीचं देऊळ आहे, आई तिथेही उदबत्ती लावून आली. मग चालत मस्जिद जमेकला गेलो. क्लांग आणि गोम्बाक या दोन नद्यांच्या संगमावर १९०९ साली बांधलेली ही मशीद, आणि या गढूळ संगमावरूनच शहराचं नाव पडलंय, क्वालालंपूर म्हणजे चिखलाचा संगम. आईने संगम म्हटल्यावर तिथे पण हात जोडले. मग ट्विन टॉवर बघायला म्हणून स्टेशनात उतरलो.

चूक माझी होती, पूर्ण माझी. गाडी आली, आई पुढे होती, ती चढली, आणि मी मोबाईलमध्ये मॅप बघत दोन पावलं मागे राहिले. दारं लागली. एक प्लॅटफॉर्मचं काचेचं दार आणि एक गाडीचं, दोन काचांपलीकडे आई, तिचा हात काचेवर, आणि गाडी निघाली. तिथल्या त्या लाईनवरच्या गाड्यांना ड्रायव्हरच नसतो, कोणाला ओरडून थांबवणार. आईचा फोन माझ्या पर्समध्ये, चष्मा माझ्या पर्समध्ये, औषधाची डबी पण माझ्याच पर्समध्ये. तिच्याकडे फक्त ते निळं प्लॅस्टिकचं टोकन आणि बटव्यात माझ्या तिकडच्या नंबरची चिठ्ठी.

मी तिथेच मटकन खाली बसले. एका चिनी अंकलनी मला उठवलं. (तिकडे पण सगळे एकमेकांना अंकल आंटीच म्हणतात, ही सवय आपल्यासारखीच.) मला आठवतंय ते एकच वाक्य सारखं म्हणत होते, डोन्ट वरी लाह, डोन्ट वरी लाह. त्यांना उलट्या दिशेला जायचं होतं, हे मला नंतर कळलं. ते माझ्याबरोबर ट्विन टॉवरजवळच्या केएलसीसी स्टेशनपर्यंत आले, स्टेशनच्या माणसांना मलयमध्ये सगळं सांगितलं, साडीचा रंग विचारून तो सांगितला, आणि तुमचा फोन येईपर्यंत माझ्या शेजारी उभे राहिले. फोन आल्यावर मी रडायला लागले आणि डोळे पुसून बघते तर ते निघून गेलेले. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले मकचिक, तुमच्या भागात कोणी ओळखत असेल तर एवढं पोचवा.

गाडीत काय झालं ते आईने नंतर सांगितलं, एकदा नाही पन्नास वेळा सांगितलं. ती दाराशी थरथरत उभी होती, तुम्ही तिला हाताला धरून बसवलंत आणि विचारलंत, नामा? नाव विचारतायत हे तिला लगेच कळलं. कम्पुंग बारू स्टेशनला तिला घेऊन उतरलात. बाकावर बसवून तिच्या कपाळाला हात लावून विचारलंत, सकित कपाला? कपाला म्हणजे तुमच्यात डोकं, आमच्यात कपाळ, आई म्हणाली हो हो दुखतंय. मग तिने स्वतःकडे बोट दाखवून गुरू म्हटलं, मी शिक्षिका आहे या अर्थाने, आणि तुमच्या भाषेत शिक्षकाला गुरूच म्हणतात! त्यानंतर म्हणे तुम्ही तिला चिकगू चिकगू म्हणायला लागलात, तिकडे शिक्षकांना हाक मारतात तसं. परक्या देशात हरवलेल्या बाईला कोणीतरी बाई म्हणून हाक मारली, ते ऐकून ती थरथरायची थांबली असं ती सांगते.

चिठ्ठीचं मात्र अवघड झालं. नंबर आईने तिच्या सुंदर अक्षरात मराठी आकड्यांत लिहिलेला. आमचा १ तुम्हाला इंग्रजी नऊ वाटला, ७ सहासारखा दिसला, दोनदा भलत्याच कोणाला फोन लागला. आईला चष्म्याशिवाय दिसेना. मग तुम्ही ती चिठ्ठी लांब धरलीत, आणखी लांब, हात पूर्ण ताणून, आणि तिला एकेक आकडा दिसायला लागला तसं ती बोटं दाखवत गेली आणि तुमच्या भाचीने ती बोटं मोजून नंबर दाबला. शून्याला आईने मूठ दाखवली. मला फोन लागला तेव्हा आई पहिलं वाक्य बोलली, चिंता करू नकोस. तुमची भाची नंतर मला म्हणाली की चिंता हा एवढाच शब्द आम्हाला कळला, आमच्यात चिंता म्हणजे प्रेम, आम्हाला वाटलं तुमची आई तुम्हाला तेच सांगतेय.

आता मला जे खरं सांगायचंय ते. आईला सोडून कोणी जाणार नाही, कोणीतरी मदत करेल, पोलिसांना देईल, एवढं तर जगात कुठेही होईल असं मी धरून चालते. पण तुम्ही तिला आधी विचारलंत, सुदाह माकान? म्हणजे जेवलात का. आणि पिशवीतून केळीच्या पानातला नासी लेमाक काढून पुढे केलात. नारळाच्या दुधातला भात, तिखट सांबल, वर सुके बारीक मासे. आई शाकाहारी, त्यात एकादशी. तिने हात जोडून उपवास म्हटलं. तुम्ही क्षणभर बघत राहिलात आणि म्हणालात, पुआसा? तोच शब्द. तुम्ही पटकन पुडा मागे घेतलात, आणि पाण्याची बाटली पण मागे घेतलीत, कारण तुमच्या रोज्यात दिवसभर पाणीही चालत नाही. आईला तर घशाला कोरड पडलेली. मग पलीकडच्या दुकानातल्या तमिळ मुलाला तुम्ही बोलावलंत, त्याने आईचं कुंकू बघितलं, विरदम असं काहीतरी म्हणाला आणि तुम्हाला समजावलं की यांच्यात पाणी चालतं, फळं चालतात, भात चालत नाही.

मी पोचले तेव्हा मला वाटलं होतं आई रडत असेल. ती तुमच्या मांडीवरच्या पिशवीत डोकावून केळी निवडत होती.

खरं तर मी तिथूनच तिला घेऊन हॉटेलवर जाणार होते, तुम्ही ऐकलं नाहीत. तुमचं ते लाकडी घर, खांबांवर उचललेलं, दारात नारळाचं झाड, आणि त्याच्या मागे आभाळात घुसलेले ट्विन टॉवर, ४५२ मीटरचे, ८८ मजल्यांचे. ते टॉवर बघायला आम्ही निघालो होतो आणि ते तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसले. कम्पुंग बारू म्हणजे नवं गाव, इंग्रजांच्या काळात वसवलेलं, आता चारी बाजूंनी काचेच्या इमारती आणि मध्ये हे गाव.

आणि मग तुम्ही डब्यातून साबुदाणा काढलात. आई माझ्याकडे बघायला लागली. तुम्ही त्याला सागू म्हणता, आमचे काही जुने लोक पण सागूच म्हणतात. उकळत्या पाण्यात सोडलात, मध्ये पांढरा ठिपका राहीपर्यंत ढवळलात, मग गाळणीत ओतून गार पाण्याखाली धरलात आणि वाट्यांमध्ये दाबून भरलात. दुसरीकडे गुला मलाका, तो काळपट माडाचा गूळ, त्याचा पाक एक गाठ मारलेलं हिरवं पान टाकून. आईने ते पान नाकाशी नेलं आणि म्हणाली, अगं आंबेमोहोर! अगदी तो वास. वाटी ताटलीत उलटी केलीत, साबुदाण्याची मूद पडली, वर नारळाचं दूध, वर पाक. आईसमोर ठेवायच्या आधी तुम्ही त्या तमिळ मुलाला फोन करून परत विचारलंत, हे चालतं ना यांना. मला ते कळलं कारण तुम्ही फोनवर पुआसा म्हणालात आणि आईकडे बघितलंत.

खोटं कशाला बोलू, आई खाईल की नाही याची मला धाकधूक होती. ती सोवळंओवळं फार नाही पण एकादशीला बाहेरचं पाणीही जपून घेणारी. तिने ताटली दोन्ही हातात घेतली, विठ्ठलाचं नाव घेतलं आणि सगळं खाल्लं, दुसरी वाटी मागून घेतली. रात्री हॉटेलवर मला म्हणाली, मी हरवले होते गं, पण माझी एकादशी काही त्या बाईने मोडू दिली नाही.

त्या दिवशी तुमचा नासी लेमाकचा स्टॉल उशिरा लागला, माझ्यामुळे. मी पैसे काढले तर तुम्ही माझी मूठ बंद करून तशीच धरून ठेवलीत. वर आम्हाला त्या सालोमा पुलापर्यंत सोडायला आलात. २०२० साली झालेला तो पूल, तुमच्या लग्नातल्या विड्याच्या पानांच्या मांडणीसारखा केलेला, रात्री रंग बदलत राहतो. लग्नात तुमच्यातही विड्याची पानं लागतात हे कळल्यावर आईने पुलाच्या मधोमध थांबून तुमची ओटी भरायचा हट्ट धरला, जवळ काहीच नव्हतं, शेवटी पर्समधला नवा रुमाल आणि एक केळं दिलं, तुम्ही तुमच्याच केळ्याची ओटी घेतलीत आणि डोक्यावरचा तुडुंग, म्हणजे तुमचा तो डोक्याचा रुमाल, सावरून आईला मिठी मारलीत.

मला इकडे नातेवाईक विचारतात, म्हाताऱ्या माणसाला घेऊन तिकडे जाणं सेफ आहे का, भाषा येत नाही, खाण्याचे हाल होतात. मी त्यांना हे सगळं सांगत बसते. आई तर पुढच्या वर्षीची तिकिटं काढ म्हणतेय, बाटू केव्ह्जच्या, म्हणजे गुहेतल्या मुरुगन मंदिराच्या, २७२ पायऱ्या या वेळी राहिल्या म्हणून, पण मला माहितीय तिला कोणाकडे जायचंय.

तिच्या बटव्यातल्या चिठ्ठीवर आता नंबर दोन्ही आकड्यांत आहे. तुमचा पण. घरी दर एकादशीला ती खिचडीऐवजी तुमचा प्रकार करते, माडाचा गूळ मिळत नाही म्हणून कोल्हापुरी गूळ घालते. ते पान मात्र कुठे मिळालं नाही, तिने विचारलंय की त्याचं रोप कुंडीत लागतं का, आणि पाणी रोज घालायचं की एक दिवसाआड. तेवढं भाचीला कळवायला सांगा.

तुमची,
चिकगूंची मुलगी