गोधडीखालची हिमनदी

झुरिक,
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय शुभा,

काल तुझा फोन आला तेव्हा मी घाटातल्या बसमध्ये होते, आवाज सारखा तुटत होता. रात्री परत करणार होते, पण जे पाहून आले ते फोनवर सांगून होण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. शुभा, मी ऱ्होनची हिमनदी पाहिली!

आपण कॉलेजात असताना ब्रह्मगिरी चढलो होतो, आठवतं? खडकातून ठिबकणारं गोदावरीचं पाणी ओंजळीत धरून तू कितीतरी वेळ गप्प उभी होतीस. काल सारखी तीच तू आठवत होतीस. ऱ्होनसुद्धा डोंगरातच उगम पावते, पण तिचा उगम म्हणजे जवळपास ८ किलोमीटर लांबीचा बर्फ. तिथून जिनिव्हाच्या सरोवरातून, मग फ्रान्समधून ८१२ किलोमीटर वाहत ती थेट भूमध्य समुद्राला मिळते.

सकाळच्या गाडीने आंदरमाटला गेले. तिथून पोस्टाची पिवळी बस फुर्का घाटाने जाते. आंधळ्या वळणावर ती तीन सुरांचा हॉर्न वाजवते आणि तो दरीभर घुमतो. घाटमाथा ओलांडून थोडं उतरलं की एका वळणात बेल्वेदेर हे जुनं हॉटेल लागतं. १८८२ साली बांधलेलं, २०१५ पासून बंद. एकेकाळी लोक त्याच्या खिडकीतून हिमनदी बघायला येत. आता तिथून दिसतो तो उघडा कातळ, बर्फाने घासून गुळगुळीत केलेला. तू फळ्यावर मेषशिला काढतेस ना, अगदी तश्शी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ही हिमनदी हा कडा उतरून पार खाली ग्लेचच्या सपाटीपर्यंत पोचलेली होती. मी वरून त्या सपाटीकडे बघत राहिले. एवढी मोठी दरी बर्फाने भरलेली होती हे डोळ्यांना पटेना.

आणि मग पायवाटेने पुढे गेल्यावर बर्फाचं टोक दिसलं. शुभा, त्यावर पांघरुणं घातली आहेत! पांढऱ्या जाड कापडाचे लांबच लांब पट्टे, एकावर एक चढवलेले. पावसाने, धुळीने मळलेले, कडेला फाटून लोंबणारे. आजीच्या आजारपणात तिच्या पायांवर गोधडी सारखी करायचे, तेच डोळ्यांसमोर आलं आणि घशाशी आवंढा दाटला. गोधडी ऊब धरते, हे कापड ऊन परतवतं. पण हात त्याच मायेचा वाटला मला. कापडाखाली वितळणं जवळपास निम्म्यावर येतं. अर्थात झाकलाय तो एवढासा तुकडा, आत कोरलेली गुहा टिकावी म्हणून. सगळी हिमनदी कोण झाकणार?

ही गुहा एकोणिसाव्या शतकापासून कोरली जाते आहे, आणि दरवर्षी नव्याने, कारण बर्फ सरकतो, वितळतो, जुनी गुहा उरतच नाही. साधारण १०० मीटर आत जाता येतं. पायाखाली ओल्या फळ्या, डोक्यावर टपटप पाणी, आणि चहूकडे निळं! रंग लावलेला नाही गं. दाट बर्फ उजेडातला तांबडा भाग शोषून घेतो आणि उरतो तो निळा. भिंतीला अगदी नाक लावून पाहिलं. आत मोहरीएवढे हवेचे बुडबुडे अडकलेले होते आणि बोटभर आत एक काळा खडा होता, कुठल्या वरच्या कड्यावरून निघालेला कोण जाणे. तळहात टेकवला तर क्षणात बधिर झाला, पण काढवेना.

तुझ्या वर्गासाठी एक गोष्ट. १८७४ साली इथे मोजणी सुरू झाली तेव्हा या हिमनदीवर आडव्या ओळीत रंगवलेले दगड मांडले होते. वर्षागणिक पाहिलं तर मधले दगड पुढे गेलेले, काठाचे मागे राहिलेले, सरळ ओळीची कमान झालेली. बर्फ नदीसारखा वाहतो हे मुलांना दाखवायला यापेक्षा सोपं काय हवं?

बाहेर आल्यावर कठड्याशी एक म्हातारी बाई नातवाला बोटाने दाखवत होती, तिच्या तरुणपणी बर्फ कुठवर होता ते. तिचं बोट पार अलीकडच्या खडकाशी थांबलं. तिथून आताच्या टोकापर्यंत आता राखाडी तळं आहे, वितळलेल्या पाण्याचं. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांचा मिळून १० टक्के बर्फ गेला. हा आकडा मी आधीही वाचला होता, पण त्या बाईचं बोट बघितल्यावर पोटात खड्डा पडला. पुढच्या उन्हाळ्यात रजा काढून ये, शुभा. तुझ्याबरोबर पुन्हा एकदा जायचं आहे मला तिथे.

ओढ्याच्या काठचा गाळ चिमटीत घेऊन पाहिला. बर्फाने दगडावर दगड दळून केलेलं पीठच ते, आपल्या रांगोळीहूनही मऊ. यानेच पाणी दुधट होतं. थोडं पाणी बाटलीत भरून आणलंय. रात्रभरात गाळ खाली बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. आत्ता लिहिता लिहिता बाटली हलवली तर पुन्हा दुधट. डिसेंबरात येताना घेऊन येते. वर्गात पहिल्यांदा तू हलव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
मेधा