साप्ताहिकाच्या जुन्या अंकांच्या जतनासाठी नम्र आवाहन

सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या गावभागातील आपल्या साप्ताहिकाच्या जुन्या फाइली सध्या वाचनालयाच्या माडीवर कापडात बांधून ठेवलेल्या आहेत. त्यांची डागडुजी आणि स्कॅनिंग येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू करण्याचे कार्यकारी मंडळाने ठरवले असून, आपल्या भरघोस साहाय्याखेरीज हे काम पुढे सरकणार नाही.

साप्ताहिक निघाले तेव्हा आपल्या जिल्ह्याला सांगली हे नावसुद्धा नव्हते. १९४९ साली सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. म्हणूनच आरंभीच्या अंकांवर शीर्षकाखाली ‘जि. दक्षिण सातारा’ असे छापलेले आढळते. आण्णांनी एका ट्रेडल (पायाने चालवायच्या) छपाई यंत्राच्या बळावर, खिळे (छपाईची शिशाची अक्षरे) जुळवण्यापासून ते रॅपरवर वर्गणीदारांचे पत्ते लिहिण्यापर्यंतची सारी कामे घरच्या मंडळींच्या मदतीने करीत, हे पत्र चालवले. हरिपूरच्या पेवांतील (जमिनीखालील कोठारांतील) हळदीचे दर, कृष्णेच्या पाण्याची पातळी, भावे नाट्यमंदिरातील प्रयोगांची परीक्षणे आणि नगरपालिकेच्या सभांचे सविस्तर वृत्तांत त्यात नेमाने येत. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्या आठवड्याच्या अंकात कोणत्या बोळातील कोणाची भिंत खचली, याची घरवार नोंद आहे. १९७२ च्या दुष्काळात जत-आटपाडीकडून कामाच्या शोधात आलेल्या कुटुंबांशी आण्णा स्वतः बोलले आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याच बोलीत छापले. मोठ्या दैनिकांत या माणसांना जागा मिळाली नसती, हे आम्ही अभिमानाने सांगतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली आणि खालच्या कपाटातील फाइली भिजल्या. त्या प्रसंगी कंबरभर पाण्यातून उरलेले गठ्ठे माडीवर नेणारे तालमीचे तरुण, आणि पुढे कित्येक दुपारी पानांमध्ये टीपकागद घालून, पंख्याखाली एकेक पान सुटे करणाऱ्या महिला मंडळाच्या भगिनी यांचे ऋण शब्दांत मावणारे नाही. टीपकागदाचे गठ्ठे विनामूल्य देणारे पेठेतील कागदाचे व्यापारी, घरची पिढीजात फाइल एका शब्दावर आणून देणारे वकील कुटुंब, तसेच वय झालेले असूनही जुनी बांधणी स्वतः उसवून देणारे आपले बाइंडरकाका यांचाही येथे कृतज्ञतापूर्वक उल्लेख केला पाहिजे. आण्णांच्या स्नुषांनी तर छापखान्यातील निळ्या पेन्सिलीच्या दुरुस्त्यांसह राहिलेली प्रुफे जपून ठेवली होती, ती त्यांनी वाचनालयाच्या स्वाधीन केली.

तथापि, मागील आवाहनाला मिळालेल्या प्रतिसादाने आम्ही व्यथित झालो, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या घरांतील बारशांपासून एकसष्टीपर्यंतच्या वार्ता या पत्राने आपुलकीने छापल्या, त्यांपैकी अनेक घरांतून आवाहनाची साधी पोचही आली नाही. पुण्या-मुंबईला स्थायिक झालेल्या मंडळींना आपल्या आजोबांचे नाव या पानांत सापडेल. पण पाने टिकली तरच. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लयुक्त असल्याने आपोआप पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यात पुराचा गाळ आणि कसर यांची भर पडली असून, काही पाने आता घडीवर नुसती उलगडली तरी तुटतात. त्यांना प्लॅस्टिकचे आवरण घालणे किंवा चिकटपट्टी लावणे घातक ठरते, म्हणून जाणकारांच्या देखरेखीखाली जपानी कागदाने (पातळ पण चिवट कागदाने) सांधणे, आम्लरहित पेट्यांत ठेवणे आणि मग पान न दाबता वरून प्रतिमा घेणे, असा क्रम ठरवला आहे.

एका वर्षाच्या फाइलीचा खर्च उचलू इच्छिणाऱ्यांनी रु. ५,००० द्यावेत, याहून कमी किंवा अधिक रक्कमही साभार स्वीकारली जाईल. धनादेश वाचनालयाच्या नावे रेखांकित असावा, रोख रकमेची छापील पावती घ्यावी, खात्याचा तपशील कार्यालयातील फलकावर आहे. घरी जुने अंक असल्यास रद्दीत घालू नयेत, ओले असल्यास उन्हात वाळवू नयेत. अंक परत हवे असतील तर तसे सांगावे, स्कॅन करून परत केले जातील. पाने उलटण्यासाठी व सूची लिहिण्यासाठी स्वयंसेवक हवे आहेत. वेळ सायंकाळी ५ ते ८, सोमवारी सुट्टी. सर्व साहाय्य कृपया मे महिन्याच्या अखेरीपर्यंत पोहोचवावे.

आपला नम्र,
कार्यवाह
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)