व्हॅक्सिन डेपोवर माहितीफलक लावा

महोदय,
टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर रोज सकाळी फिरायला गर्दी असते, पण या नावामागचं कारण बहुतेकांना ठाऊक नाही. इथं देवीची लस तयार होत असे. त्या काळी वासराच्या कातडीवर ओरखडे काढून त्यात लस चोळत. काही दिवसांनी फोड आले की ते खरवडून नवी लस काढत. 1796 मध्ये इंग्रज डॉक्टर जेन्नरने गोस्तन देवीचा (गायींना होणाऱ्या देवीसारख्या रोगाचा) लस म्हणून प्रयोग केला, त्याचाच हा पुढचा विस्तार. 1980 मध्ये देवीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. दंडावर लशीचे व्रण असलेली पिढी अजून बेळगावात आहे. महापालिकेनं तिथं माहितीफलक लावावा, मराठी आणि कन्नड दोन्हींत. (निदान यावरून तरी भांडण नको!)

— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव