दशांशाबद्दल तू विचारलंस म्हणून

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, न देणारा देवाला लुबाडतो आणि त्याच्या घरावर शाप राहतो, असं उपदेशात ऐकून तू घाबरला आहेस, हे तुझ्या पत्रातून कळलं. कर्जाचा हप्ता, घरभाडं आणि आजीच्या औषधांचे पैसे गेल्यावर महिनाअखेर काय उरतं, तेही तू लिहिलंस. मग विचारलंस की दहावा भाग कापून हातात येणाऱ्या पगाराचा काढायचा की कापण्याआधीच्या. या हिशेबापेक्षा त्यामागची भीती मला जास्त लागली, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पवित्र शास्त्र शेजारी उघडून ठेव आणि प्रत्येक ठिकाण स्वतः वाचून बघ, माझ्या शब्दावर विसंबू नकोस.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. ख्रिस्ती माणसाने उत्पन्नाचा दहावा भाग दिलाच पाहिजे, असं बंधन नव्या करारात कुठेही नाही. द्यायचं मात्र आहे, आणि मनापासून द्यायचं आहे. त्याकडे नंतर येते.

नियमशास्त्रातला, म्हणजे मोशेने इस्राएलाला दिलेल्या नियमांतला, दशांश नीट वाचलास तर नवल वाटेल. तो पगारावर नव्हताच. लेवीय २७ मध्ये शेताचं धान्य, झाडांची फळं आणि काठीखालून जाणारं दर दहावं जनावर, एवढंच आहे. त्या काळी चांदी होती, मजुरी होती, कारागीर होते; तरी मजुराने आपल्या मजुरीचा दहावा भाग आणावा असं मोशेने सांगितलेलं नाही. हा दशांश लेवींचा, म्हणजे देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशाचा होता, कारण बाकीच्या वंशांना जमीन वाटून मिळाली आणि त्यांना मिळाली नाही. त्या लेवींनीही मिळालेल्यातला दहावा भाग पुढे याजकाला द्यायचा होता (गणना १८).

आता अनुवाद १४ काढ. दशांशावर मी इतके उपदेश ऐकले, पण हा अध्याय वाचून दाखवलेला क्वचितच ऐकला. इथे देव म्हणतो की धान्य, द्राक्षारस आणि तेल यांचा दशांश घेऊन मी निवडीन त्या ठिकाणी या आणि तिथे माझ्यासमोर तो खा. वाट लांबची असेल तर माल विकून पैसे गाठीला बांधा आणि तिथे पोचल्यावर बैल, मेंढरं, द्राक्षारस, जे मनाला वाटेल ते घ्या आणि घरच्यांसोबत आनंद करा. लेवीला तेवढं विसरू नका. दर तिसऱ्या वर्षी मात्र हा दशांश आपल्याच गावात ठेवायचा, म्हणजे लेवी, परका, पोरका आणि विधवा यांनी येऊन पोटभर जेवावं. यहुदी परंपरेने याचे वेगवेगळे दशांश मोजले: एक लेवींचा, एक देवासमोर खाण्याचा आणि तिसऱ्या व सहाव्या वर्षी त्या दुसऱ्या दशांशाच्या जागी गरिबांचा. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, म्हणून त्या वर्षी काहीच नाही. या मोजणीने शेतकऱ्याचा जवळपास पाचवा भाग जात होता. ज्यांना नियमशास्त्र जसंच्या तसं पाळायचं आहे, त्यांनी मग दहावर का थांबावं? आणि कुटुंबासोबत मेजवानीला बसण्याचा भाग का गाळावा?

नियमशास्त्राच्या आधी अब्राहामानेही दशांश दिला, असं तुला सांगितलं जाईल. दिला, खरं आहे. पण उत्पत्ती १४ मधला तो दशांश लढाईतल्या लुटीचा होता आणि शालेमचा राजा मलकीसदेक याला दिलेला होता. उरलेल्या मालातून सदोमच्या राजाचा धागा किंवा जोड्याचा बंदसुद्धा घेणार नाही, असं अब्राहाम म्हणाला. दरवर्षी तो आपल्या कळपांचा दशांश देत होता, असं कुठे लिहिलेलं नाही. याकोबाने बेथेलला केला तो नवस होता, तोही देव मला सांभाळील तर, अशा अटीचा. आणि नियमशास्त्राच्या आधीचं म्हणून सगळं आपल्याला लागू धरायचं, तर सुंता आणि पशुबलीही आधीचेच आहेत. इब्री ७ मध्ये मलकीसदेकाची गोष्ट परत येते, पण ख्रिस्ताचं याजकपण लेवींच्या याजकपणापेक्षा श्रेष्ठ आहे हे दाखवण्यासाठी. मंडळीकडून दशांश घ्या, असं तिथे म्हटलेलं नाही.

तुला घाबरवलं ते मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाने. संपूर्ण दशांश भांडारात आणा, नाहीतर तुम्ही देवाला लुबाडता. हे वचन वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेव. त्याच अध्यायात, त्याच्या जरासं वर, पाचव्या वचनात देव म्हणतो की मजुराची मजुरी दाबणाऱ्यांविरुद्ध, विधवा आणि पोरक्यांना छळणाऱ्यांविरुद्ध आणि परक्याचा हक्क हिरावणाऱ्यांविरुद्ध मी साक्ष द्यायला येतो. आठवं वचन मोठ्याने वाचणाऱ्यांनी पाचवंही तेवढ्याच मोठ्याने वाचावं, एवढीच माझी मागणी आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ते भांडार. नहेम्या १३ वाच, साधारण त्याच काळातली हकिगत आहे. मंदिरात एक मोठी खोली होती. तिच्यात अन्नार्पणं, धूप, भांडी आणि धान्य, द्राक्षारस व तेल यांचे दशांश ठेवत. एल्याशीब याजकाने ती खोली आपला सोयरा तोबीया याला राहायला देऊन टाकली. यरुशलेमचा कारभार पाहणारा नहेम्या बाहेरून परत आला, त्याने तोबीयाचं सगळं सामान उचलून बाहेर फेकलं आणि खोल्या शुद्ध करून घेतल्या. मग त्याला कळलं की लेवींचे वाटे मिळेनासे झाले आहेत आणि ते आपापल्या शेतावर निघून गेले आहेत. त्याने दोष लोकांच्या माथी मारला नाही. अधिकाऱ्यांना बोलावून विचारलं की देवाच्या घराची अशी हेळसांड का झाली. लोकांनी पुन्हा दशांश आणला, आणि लगेच त्याने भांडारावर एक याजक, एक शास्त्री, एक लेवी आणि त्यांचा मदतनीस अशी माणसं नेमली. का, तर ती विश्वासू समजली जात होती आणि वाटे नीट वाटणं त्यांचं काम होतं. मागणाऱ्याने हिशेब द्यावा, हे शास्त्रातच आहे बाळा. तू मंडळीत हिशेब विचारलास तर तो उद्धटपणा नाही. गोळा केलेला निधी यरुशलेमला नेताना पौलानेसुद्धा सोबत माणसं घेतली होती, कोणी बोट ठेवू नये म्हणून (२ करिंथ ८).

आणि शाप? गलतीकरांस ३ मध्ये स्पष्ट आहे की ख्रिस्ताने आपल्याला नियमशास्त्राच्या शापातून सोडवलं आहे. ज्याची किंमत त्याने वधस्तंभावर भरली, ती तुझ्याकडून दरमहा पुन्हा वसूल होत नाही. हे वाक्य मी अगदी ठामपणे लिहिते आहे.

प्रभू येशूने परूशांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाला, म्हटलं की पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशांश तुम्ही देता, पण न्याय, दया आणि विश्वास सोडता; ह्या करायच्या होत्या आणि त्याही सोडायच्या नव्हत्या (मत्तय २३). शेवटचे शब्द दशांशाच्या बाजूने वापरतात. पण हे तो नियमशास्त्राखाली जगणाऱ्यांना, मंदिर उभं असताना बोलत होता. त्याच प्रभूने बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे जाऊन मोशेने नेमलेलं अर्पण करायलाही सांगितलं, आणि ते कोणी आज आपल्याला लावत नाही. पुढे परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले, विश्वासात आले आणि त्यांच्यावर काय ओझं घालावं यासाठी यरुशलेमेत प्रेषित बसले (प्रेषितांची कृत्ये १५). चार गोष्टी लिहून पाठवल्या. त्यांत दशांश नाही.

पौल तर परूशी म्हणून वाढलेला, दशांश त्याला तोंडपाठ. यरुशलेमच्या गरिबांसाठी करिंथच्या मंडळीला त्याने सलग दोन अध्याय लिहिले. दहावा भाग हे शब्द वापरायला याहून चांगली जागा नव्हती, आणि त्याने ते वापरले नाहीत. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखाने किंवा भाग पडतं म्हणून नव्हे, असं म्हणाला. ज्याच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे, नाही त्याप्रमाणे नव्हे, असंही म्हणाला. ते वचन तुझ्या कर्जाच्या हप्त्यासाठी लिहिल्यासारखं आहे.

नंतरच्या मंडळीतही हे एकदम आलं नाही. दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस लिहितो की यहुदी दशांश देत, पण ज्यांना स्वातंत्र्य मिळालं ते आपलं सारंच प्रभूसाठी वेगळं ठेवतात. ५८५ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या माकों इथल्या धर्मसभेने दशांश सक्तीचा केला, न देणाऱ्याला मंडळीबाहेर काढायची शिक्षा ठेवून. ७७९ मध्ये फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने त्यामागे राज्याचा कायदा उभा केला. मग शतकानुशतकं युरोपच्या शेतकऱ्याने तो कर म्हणून भरला. फ्रान्समध्ये क्रांतीच्या वर्षी, १७८९ मध्ये, तो रद्द झाला. सक्तीने वसूल केलेल्या दशांशाने लोकांची मनं देवापासून किती दुरावली असतील, याचा विचार करून मला आजही वाईट वाटतं.

आता दुसरी बाजू. दशांश मानणाऱ्या मंडळ्या आहेत, त्यांतली कितीतरी माणसं प्रेमाने आणि आनंदाने देतात, आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. तुझे बाबा आणि मीही दहावा भाग काढतो. पगार आला की किराण्याची यादी करण्याआधी पाकिटात घालून वर तारीख लिहितो. तो आमचा ठराव आहे, आम्ही दोघांनी मिळून केलेला, आणि तो तुझ्यावर लादणार नाही. बाबांच्या आजारपणात पाकीट बारीक झालं होतं. तेव्हा आम्ही जे जमलं ते दिलं आणि शांत झोपलो.

मोकळीक आहे म्हणून हात आखडू नकोस, एवढं मात्र आईच्या हक्काने सांगते. बंधन नाही हे कळल्यावर काही लोक काहीच देत नाहीत, आणि मला ते दशांशाच्या सक्तीइतकंच खुपतं. पाळकांचं घर चालायला हवं. सुवार्ता सांगणाऱ्यांची उपजीविका सुवार्तेवर व्हावी हा प्रभूचाच नेम आहे (१ करिंथ ९). शिवाय उत्पन्न वाढलं की दहावा भाग कमीच पडतो. मेथोडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली कमाई वाढली तरी आपला खर्च जवळपास तेवढाच ठेवत असे आणि वरचं देऊन टाकत असे. कोणाला दोन टक्के जड जातात, तर कोणाला तीसही कळत नाहीत.

तुझं आता बघू. आजीला पाठवतोस ते यात धरायचं का, असं तू चाचरत विचारलंस. आईबापांना द्यायचं ते कुर्बान, म्हणजे देवाला वाहिलेलं आहे म्हणून हात वर करणाऱ्यांवर प्रभू किती रागावला ते मार्क ७ मध्ये आहे, आणि घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास नाकारतो असं १ तीमथ्य ५ मध्ये आहे. तेव्हा आजीचे पैसे आधी, आणि त्याबद्दल मनात किंतू नको. हप्ता चुकवून अर्पण करू नकोस, ज्याचं देणं आहे ते त्याचंच आहे.

उरल्यातून तू आणि सूनबाई दोघं बसून ठरवा. तीन टक्के ठरलं तर तीन. पगाराच्याच दिवशी बाजूला काढा, महिनाअखेरीला उरेल त्यातून नको. पौलाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी काढून ठेवायला सांगितलं ते यासाठीच. त्यातलं काही मंडळीला, काही एखाद्या अडलेल्या माणसाच्या हातात. कापण्याआधीचा की नंतरचा, हा हिशेब शास्त्रात नाही, तुम्हाला सोपा पडेल तो घ्या. हप्ता संपला की परत बसा आणि आकडा वाढवा.

पाळकांवर राग धरू नकोस, त्यांनीही हे असंच ऐकलं असेल. वेळ मागून त्यांना भेट, मलाखी ३ आणि नहेम्या १३ दोन्ही सोबत वाचू असं म्हण, आणि त्यांचं म्हणणंही नीट ऐकून घे. ते काय म्हणाले ते मला कळव. सूनबाईला आशीर्वाद सांग.

तुझी,
आई