मायचा दम आणि चुकवलेली गोळी

तीर्थरूप बाबा आणि माय यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर माय "बरी आहे" म्हणते आणि बाबा पिकावर बोलतात, म्हणून लिहूनच पाठवते.

माय, तुझ्या दमाची कारणं दोन आहेत. जन्मभर चुलीत कापसाची पऱ्हाटी आणि तुरीच्या तुराट्या जाळल्या, त्या धुराने श्वासनळ्या अरुंद झाल्या. यालाच सीओपीडी म्हणतात. बिडीला हात न लावलेल्या बायांनाही होतो. फुप्फुस खराब झालं की तिथल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढतो, रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. त्यात तुझं बीपी जुनं, त्याचा भार डाव्या बाजूवर. म्हणून एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदय मोठं दिसलं. हे दुसरं कारण: हृदय थकलं की अंगात पाणी साठतं, ते लघवीच्या गोळीने उतरतं.

पंप ओढला की तुला मोकळं वाटतं आणि लघवीची गोळी राहून जाते. लग्नाला, बाजाराला जायचं असलं तर तू ती मुद्दाम चुकवतेस, एसटीत बाईमाणसाने जायचं कुठे? अडचण खरी आहे गं. त्या दिवशी गोळी किती वाजता घ्यायची ते डॉक्टरांना विचारू, पण मनाने बंद करू नकोस. पंप छातीसाठी आहे, अंगातलं पाणी त्याने उतरत नाही.

बाबा, वजन तुमच्याकडे. सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, काट्यावर उभं करा आणि कॅलेंडरवर लिहा. 2-3 दिवसांत 2 किलो वाढलं, नडगीवर बोट दाबल्यावर खड्डा राहिला किंवा आडवं पडल्यावर जीव घाबरला, तर पाणी साठतंय. बेडका वाढून पिवळा-हिरवा झाला, ताप आला, तर छातीत इन्फेक्शन असू शकतं. दोन्ही वेळी त्याच दिवशी दवाखाना. बसल्या जागी दम लागला, ओठ निळे पडले, तर 108 लावा, माझी वाट पाहू नका.

गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅकची गोळी-इंजेक्शन अजिबात नको, त्याने अंगात पाणी धरतं. सांडगी मिरची, लोणचं, पापड मायच्या ताटात वाढू नका. तिच्या जेवणात मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवं. आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं, ते गॅसवर घ्या. सिलिंडरचे पैसे मी पाठवते. कापूस वेचून संपला, उलंगवाडी झाली की शेतात पऱ्हाटी पेटवतील तेव्हा मायला तिकडे नेऊ नका.

मी आले की सेवाग्रामला तपासणीला जाऊ, फ्लूच्या लसीचंही विचारू. एकोची फाईल, सगळ्या गोळ्या आणि पंप एका पिशवीत काढून ठेवा.

तुमची लेक