तुमच्याच स्क्रिप्टने टाकलेल्या कचऱ्याचं बिल आम्हाला?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : गिट सर्व्हरच्या (कोड साठवण्याच्या) जादा जागेचे बिल रद्द करणे व रात्रीचे जीसी (गिटची साफसफाई) दुरुस्त करणेबाबत

महोदय,

या महिन्याच्या बिलात 40 जीबी जादा जागेचे पैसे लावले आहेत. आमचा रिपो (कोडचा साठा) 6 जीबीचा आहे. ‘गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्हीएच’ चालवून बघा. बाकीचं सगळं साइज-गार्बेजमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या आकड्यात, दिसेल. पॅक (एकत्र दाबून ठेवलेला डेटा) फोल्डरमध्ये ‘टीएमपी_पॅक_’ने सुरू होणाऱ्या 11 फाइल्स पडून आहेत आणि प्रत्येकीवर पहाटे अडीचची वेळ आहे. तुमच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यंत्रणेत) जीसी 2 वाजता सुरू होतं आणि 30 मिनिटांत आटोपलं नाही तर त्याला किल -9 (जबरदस्तीने बंद करणारी आज्ञा) बसतो. आमच्या पुशचा (सर्व्हरवर कोड पाठवण्याचा) यात काही संबंध नाही.

त्या जीसीला ‘अग्रेसिव्ह’ हा पर्याय लावला आहे. त्यात जुने डेल्टा (साठवलेले फरक) टाकून सगळे नव्याने शोधले जातात, तेही नेहमीच्या 10 ऐवजी 250च्या विंडोने (एका वेळी तुलनेला घ्यायच्या तुकड्यांची संख्या). अर्धा तास त्यातच जातो. नवा पॅक तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायला घेतला रे घेतला की किल! फाइल अर्धवट राहते, जुना पॅकही जागेवरच. प्रून (नको ते काढणारी पायरी) रिपॅकनंतर (नवा पॅक बनवून झाल्यावर) चालतं, त्यामुळे त्याची पाळी कधी येतच नाही. कचरा काढण्याची दोन आठवड्यांची मुदत उलटली तरी हा कचरा आपोआप जाणार नाही.

‘टीएमपीने सुरू होणारं सगळं आरएम -आरएफ करा,’ म्हणजे थेट पुसून टाका, असं तुमच्या हेल्पडेस्कने कळवलं. हा सल्ला कृपया कोणालाच देऊ नका. त्याच वेळी कोणी पुश करत असेल तर त्याचे ऑब्जेक्ट्स (डेटाचे तुकडे) ‘टीएमपी_ओबीजेडीर-इनकमिंग’ फोल्डरमध्ये असतात. प्री-रिसीव्ह हुक (पुश स्वीकारण्याआधीची तपासणी) पास झाल्यावरच ते मुख्य साठ्यात जातात. फोल्डर उडवलं की तो पुश फसला.

आमच्या मागण्या अशा : रोजच्या जीसीतून ‘अग्रेसिव्ह’ काढावं आणि वेळेची मर्यादा 3 तास करावी. पडून असलेल्या टीएमपी_पॅक फाइल्स जीसी चालू नसताना, 24 तासांहून जुन्या असतील तेवढ्याच काढाव्यात. फाइल्स शोधणाऱ्या फाइंड आज्ञेला ‘एमएमिन +1440’ (1440 मिनिटांहून जुन्या) द्या. ‘एमटाइम +1’ला पूर्ण 2 दिवस लागतात. फोर्क्स (रिपोच्या प्रती) अल्टरनेट्सने (मूळ रिपोचाच साठा वापरण्याच्या सोयीने) जोडलेले असतील तर मूळ रिपोवर प्रून हाताने चालवू नये, कारण फोर्कला लागणारे ऑब्जेक्ट्स प्रूनला दिसत नाहीत.

जादा जागेची रक्कम पुढच्या बिलात वळती करावी. साफसफाईनंतरचं काउंट-ऑब्जेक्ट्सचं आउटपुट 7 दिवसांत मेलने पाठवावं.

आपला,
एक ग्राहक